बाबांची एकशे त्रेचाळीस उड्डाणं

स्टॉर्डाल, नॉर्थ डकोटा
११ मार्च २००७

प्रिय आर्लिस आत्या,

माझं मागचं पत्र तुझ्या लाल शाईच्या खुणांसकट परत मिळालं. मी चोवीस वर्षांची झाले तरी तू माझी पत्रं तपासतेस, याचं बाबांना हसू येतं. "तुझी शाळा अजून सुटली नाही वाटतं," म्हणतात. पण आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलेलं गणित आणि तू पोस्टाने शिकवलेले निबंध, याखेरीज मी दुसरी शाळा पाहिलेली नाही. आई गेल्यापासून अडलं की तुलाच विचारते. आज अडलं आहे.

बाबांना वॉशिंग्टनहून बोलावणं आलं आहे. खासगी वैमानिकांच्या संघटनेने त्यांचं नाव सुचवलं. ८ मे रोजी संसदेच्या समितीपुढे पाच मिनिटं बोलायचं. भांडण काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आमच्यासारखे छोटे विमानवाले आजवर इंधनावरच्या करातून आपला वाटा भरत आले. विमान कंपन्यांचं म्हणणं, तो वाटा फार लहान आहे. नियंत्रण कक्षाची मदत घेतली की दर खेपेला फी द्यायला हवी. तू कंपन्यांच्या बाजूच्या ऑफिसात आहेस, हे बाबा विसरलेले नाहीत. पण म्हणाले, "ऑफिस ऑफिसच्या जागी. बहीण आहे, निदान कॉफी तरी पाजेल." आम्ही दोघं तुझ्याकडे उतरलो तर चालेल का?

भाषण मी लिहायचं आहे. बाबा बूट काढता काढता म्हणाले, "लिही, माझी बहुतेक उड्डाणं आजारी माणसांसाठी असतात." गुडरून ऑस्टबीकाकूंना ते केमोसाठी रॉचेस्टरच्या हॉस्पिटलात नेतात. मोटारीने नऊ तास लागतात, विमानाने तीन. त्यांच्याकडून ते काही घेत नाहीत. हे खरं आहे, अगदी खरं आहे. पण 'बहुतेक'पाशी माझं पेन थांबलं. उड्डाणांची वही मीच लिहिते ना. बाबा वर्कशॉपमधून तेलाचे डाग पडलेली चिठ्ठी आणतात आणि मी ती वहीत उतरवते: तारीख, कुठून कुठे, कशासाठी. मी मोजून पाहिलं. 'बहुतेक' नाही.

बाबांना अजून सांगितलं नाही. मी काय लिहू?

तुझी,
सिग्ने


वॉशिंग्टन
१७ मार्च

लाडके सिग्ने,

एका ओळीत 'खरं' दोनदा आलं आहे. खऱ्याला एकदा पुरतं. बाकी पत्र स्वच्छ.

या, दोघंही या. माझ्या घरी पाहुण्यांची खोली आहे, तिच्यात आजवर फक्त इस्त्रीचं टेबल राहिलं. डेलमरला सांग, कॉफी पाजेन, आणि ऑफिसची मंडळी पाजतात तशी पातळ नाही, आपल्या चर्चच्या तळघरात करतात तशी, अंडं घालून.

भांडणाबद्दल एवढंच सांगते, म्हणजे मी राक्षसीण नाही हे तुला कळेल. आकाशात डेलमरचं डबडं दिसलं तरी नियंत्रकाला डोळे तेवढेच फाडावे लागतात, जेवढे दोनशे माणसांच्या विमानासाठी. ती दोनशे माणसं तिकिटातून त्याची किंमत देतात. त्यांत नर्सा असतात, नातवाला पहिल्यांदा बघायला निघालेल्या आज्या असतात. मग डेलमरचा भार त्या आजीने का उचलायचा? तुझ्या आईने तुला भागाकार शिकवला होता. करून बघ.

'बहुतेक', 'पुष्कळ' की 'काही', हे आकडा पाहिल्याशिवाय कसं सांगू? वहीत काय आहे ते नीट लिहून पाठव. तुझ्यामाझ्यात राहील.

आत्या


स्टॉर्डाल
२४ मार्च

प्रिय आत्या,

गेल्या वर्षी एकूण १४३ उड्डाणं. जाणं वेगळं आणि येणं वेगळं धरलं आहे.

आजारी माणसांसाठी: ११. खरं तर १२ होती, पण एकदा गुडरूनकाकूंना हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि बाबा रिकामं विमान घेऊन परतले. ते मी यात धरलं नाही, उरलेल्यांत टाकलं.

पॅनकेकसाठी: ९६.

उरलेली ३६: ट्रॅक्टरचे सुटे भाग आणायला, आणि उगाच.

पॅनकेकचं मी तुला काय सांगणार! दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या धावपट्टीवर नाश्ता असतो. हँगरमध्ये बायका तवे तापवतात, शंभर-दीडशे मैलांवरून म्हातारे उडत येतात, कागदी ताटलीत चार पॅनकेक घेतात आणि एकमेकांची उतरण्यावरून टर उडवतात. परवा हार्लन बाबांना म्हणाला, "डेलमर, उतरलास की पडलास?" बाबा म्हणाले, "तुझ्या बायकोचे पॅनकेक वरून दिसले. धावपट्टी समजून त्यांच्यावरच टेकवणार होतो, कडक तेवढेच आहेत." मग दोघं तासभर हसले आणि आपापल्या घरी उडाले. बस, एवढंच असतं. पण आत्या, बाबा म्हणतात की शनिवारी हात चालू राहतो म्हणून मंगळवारी गुडरूनला नेता येतं. आणि ही मंडळी यायची थांबली तर गावची धावपट्टी दोन वर्षांत गवताखाली जाईल. हेही लक्षात घे.

आता एक गोष्ट, जी तू विचारलेली नाही. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑक्टोबरमध्ये बाबा वर्कशॉपमध्ये चक्कर येऊन पडले. मी दाराशीच होते. चार मिनिटं शुद्ध नव्हती. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, दुसरं काही सुचलं नाही. उठले आणि म्हणाले, "उकाडा फार आहे." बाहेर बर्फ भुरभुरत होतं. नोव्हेंबरमध्ये वैमानिकांची वैद्यकीय तपासणी होती. त्या फॉर्मवर प्रश्न असतो: कधी शुद्ध हरपली होती का? बाबांचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून फॉर्म मी भरते, ते सही करतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाही लिही. परवाना गेला तर गुडरूनला कोण नेणार?" मी 'नाही' लिहिलं.

तेव्हापासून विमानाचा आवाज माळावरून लांब गेला की परत येईपर्यंत मी बसत नाही. उभीच राहते.

सिग्ने


वॉशिंग्टन
३० मार्च

लाडके सिग्ने,

दोन ठिकाणी शाई फुटली आहे. पत्रावर रडू नये. रडायचं असेल तर आधी टोपण लावावं.

ऐक. सही त्याची, शरीर त्याचं, खोटं त्याचं. तुझं फक्त अक्षर होतं. हे ओझं तू माझ्याकडे ठेवलंस ते बरं केलंस. ते इथेच राहील.

भाषणात 'बहुतेक' काढ आणि 'कित्येक' लिही. 'कित्येक उड्डाणं आजारी माणसांसाठी असतात.' त्यात खोटं काहीच नाही आणि कित्येक म्हणजे किती, हे कुणी विचारत बसत नाही. आपण पत्रं लिहितो हे डेलमरला ठाऊक आहे. त्यांत काय असतं हे कळायची गरज नाही. पुरुषांना आकडे सांगितले की ते भाषण विसरतात.

डेलमरसाठी निळा टाय घेऊन ठेवला आहे. त्याच्याकडचा तो आपल्या आप्पांच्या अंत्यविधीचाच असणार.

आत्या


स्टॉर्डाल
१३ मे

प्रिय आत्या,

आम्ही सुखरूप पोचलो. तू डबा भरून दिलास त्याबद्दल आभार. बाबांनी तो उघडला नाही, पण त्यांनी त्या दिवशी काहीच उघडलं नाही.

तू ऑफिसच्या माणसांबरोबर मागच्या रांगेत होतीस, त्यामुळे बाबांचा चेहरा तुला दिसला नसेल. मी बाजूला होते, मला दिसला. भाषण त्यांनी छान वाचलं. 'कित्येक' म्हणताना माझ्याकडे बघून मान हलवली, शब्द आवडला होता त्यांना. मग तो राखाडी केसांचा सदस्य पुढे वाकला. "ट्वेटनसाहेब, कित्येक म्हणजे किती?" बाबा म्हणाले, "बरीच, साहेब." "अकरा, बरोबर? एकशे त्रेचाळीसांतली अकरा?" बाबा भाषणाचा कागद चाळू लागले. "आणि पॅनकेक खायला शहाण्णव. सिरप कुठलं लागतं हो तुमच्याकडे, विमान काढून जावं असं?"

सगळे हसले. टिपणं घेणारी बाईसुद्धा. बाबाही हसले, आत्या. लोक हसताहेत म्हटल्यावर नम्रपणे हसतात तसे. मग वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला काही होत तर नाही ना, एवढंच बघायला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर वर्तमानपत्रात पानभर जाहिरात होती. पॅनकेकची चळत, वर लोण्याच्या जागी छोटं विमान. खाली: 'त्यांचा नाश्ता. तुमचं तिकीट.' बाबांनी पान घडी करून खिशात ठेवलं.

इथे सगळ्यांना कळलं आहे. हार्लन म्हणाला, "तू तिकडे आपल्यासाठी गेला होतास की त्यांच्यासाठी?" शनिवारी बाबा गेले नाहीत. गुडरूनकाकूंनी फोन करून विचारलं, "त्या अकरातली माझी किती?" नऊ, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणखी थोडी असती तर डेलमरला बरं पडलं असतं, नाही का?"

आत्या, मला वाटतं माझं पत्र तुझ्या ऑफिसात कुठेतरी पडलं आणि कुणाच्या तरी हाती लागलं. मी त्यावर 'खासगी' असं लिहायला हवं होतं. चूक माझी. तुला त्यावरून ऑफिसात त्रास तर झाला नाही ना? ज्या बहिणीने सकाळी टाय बांधून दिला तिला मान खाली घालावी लागली असेल, या विचाराने मला वाईट वाटतं.

सिग्ने


वॉशिंग्टन
२१ मे

सिग्ने,

तुझ्या पत्रात आज एकही खूण केलेली नाही. पहिल्यांदाच.

पत्र पडलं नाही. मी आकडे दिले. तू मला विचारलंस कोणता शब्द बसतो; मी तो निवडून दिला आणि मग त्याचा अर्थ योग्य माणसाला सांगितला. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. असलं तर दाखव.

आता शाळेचा एक धडा राहिला आहे, तो देते. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून वीस वर्षांची होईपर्यंत दर उन्हाळ्यात त्या हँगरमध्ये तव्यापाशी उभी होते. अकरा उन्हाळे. बोटांवर अजून खुणा आहेत, तू विचारायचीस ना कशाच्या. आप्पांनी डेलमरला चौदाव्या वर्षी शेजारच्या सीटवर बसवलं. मी मागितलं तर म्हणाले, "तू वर गेलीस तर खाली पॅनकेक कोण करणार?" सगळे म्हातारे हसले. डेलमरही हसला. नम्रपणे नाही, चांगला पोट धरून. त्या लोकांचा नाश्ता किती पवित्र असतो ते मला नको सांगूस. मी तो वाढला आहे.

जुलैत बिस्मार्कला वैमानिकांची मोठी सभा आहे आणि डेलमरला पुन्हा बोलायचं आहे, असं ऐकते. त्याने बोलू नये. तू त्याला समजाव, तुझं ऐकतो. आणखी हसू झालेलं त्याच्या तब्येतीला बरं नाही. ऑक्टोबरची ती गोष्ट माझ्यापाशी नीट ठेवलेली आहे. ती तशीच राहावी, असं मलाही वाटतं.

आत्या


वॉशिंग्टन
१४ जुलै

सिग्ने,

तू दोन महिने लिहिलं नाहीस. आज डेलमरचा फोन आला. "झालं समाधान?" एवढंच म्हणाला आणि ठेवला. मी सात वेळा उलट फोन केला. मग हार्लनच्या बायकोकडून कळलं: विमान खात्याने त्याचा परवाना रद्द केला, फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून, चकरेच्या गोष्टीवरून.

सिग्ने, ते मी केलेलं नाही. आकडे दिले, हो. ते माझं काम होतं, आणि थोडं कामापलीकडचंही होतं, तेही कबूल करते. पण माझ्या भावाचं दुखणं मी कुणाला विकलेलं नाही. तुझं ते पत्र मी मेमध्येच फाडून टाकलं. पुढचं तुला लिहिलं ते फक्त भीती घालायला. समितीसमोर तो वळून तुझ्याकडे बघत होता ते मी मागच्या रांगेतून पाहिलं होतं. तेवढ्याने माझं पोट भरलं होतं. त्याहून जास्त मला नको होतं.

ऑफिसात कुणी ते वाचलं असेल का, याचा विचार करून डोकं फुटायची वेळ आली आहे. तू त्याला सांग की मी नाही. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. मी सप्टेंबरमध्ये तिकडे येते. त्याच्यासमोर उभी राहून सांगते.

पत्रात चुका असतील. तपासलेलं नाही.

आत्या


स्टॉर्डाल
२२ जुलै

आत्या,

तुझ्या ऑफिसातल्या कुणाला दोष देऊ नकोस. खात्याला मी लिहिलं, २८ मे रोजी.

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, ती गोष्ट तुझ्याजवळ आहे तोवर बाबा तुझ्या मुठीत आहेत. ती मीच सांगून टाकली की तुझी मूठ रिकामी. तीन दिवस हेच कारण मला पटत होतं. चौथ्या दिवशी वाटलं, मी ते गुडरूनकाकूंसाठी करते आहे, हवेत शुद्ध गेली तर त्यांचं काय. पाचव्या दिवशी वाटलं, त्या 'नाही'चं ओझं मला झेपत नाही, एवढंच कारण आहे आणि बाकीचं मी त्याच्यावर रचलं आहे. कोणतं खरं ते अजून ठरलेलं नाही. फॉर्म मी भरला हेही लिहिलं होतं. खात्याने माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. सही बाबांची होती. तू बरोबर सांगितलं होतंस.

उत्तर आलं तेव्हा बाबांनी ते उभ्याने वाचलं. मग वर्कशॉपमध्ये जाऊन हात धुतले, परत येऊन पुन्हा वाचलं. म्हणाले, "ऑक्टोबरचं दोघांनाच माहीत होतं. तू आणि मी." मी रिकाम्या पाकिटाची घडी घालत होते. मग तेच म्हणाले, "तू आर्लिसला लिहिलंस का?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. "तुझी चूक नाही. कुणालातरी सांगावं लागतंच माणसाला," म्हणाले.

तिथे मी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं नाही.

परवा एक माणूस कॅन्ससहून विमान बघायला आला. बाबांनी त्याला दरवाजाची कडी कशी अडकते ते तीनदा दाखवलं. गुडरूनकाकूंना हार्लन एकदा मोटारीने रॉचेस्टरला घेऊन गेला. येताना चार ठिकाणी थांबावं लागलं. त्या म्हणाल्या, "आता पुरे." बाबांनी खूप समजावलं.

तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असणारी मी एकटीच आहे. येत्या रविवारी चर्चहून आल्यावर बाबांना सगळं सांगणार आहे. तोवर येऊ नकोस.

सिग्ने


स्टॉर्डाल
१९ ऑगस्ट २००७

आर्लिस,

हे मी सांगतोय आणि सिग्ने लिहितेय.

तुझी तीन पाकिटं आली. मी फोडली नाहीत, चुलीत गेली. सप्टेंबरमध्ये येणार आहेस असं हार्लनची बायको म्हणाली. येऊ नकोस. दार उघडणार नाही, आणि दाराबाहेर भावाला हाका मारत उभी राहिलीस तर गाव बघेल, तेवढी लाज तरी ठेव.

पॅनकेकचं मी सोडून दिलं असतं. लोक हसले, हसू देत. फी येवो नाहीतर न येवो, म्हातारे काहीतरी करून उडतीलच. तुला लहानपणी आप्पा विमानात बसवायचे नाहीत आणि मी दात काढायचो, हे मी विसरलेलो नाही. ते वाईट केलं. वॉशिंग्टनला तुझ्या स्वयंपाकघरात तू माझा टाय बांधत होतीस ना, तेव्हा मी ते बोलणार होतो. तू म्हणालीस, हनुवटी वर कर. मी वर केली आणि राहून गेलं. पण ते तू माझ्याकडून वसूल करायचं होतंस. माझ्याकडून काय हवं ते घ्यायचंस. गुडरूनने तुझं काय घेतलं होतं?

गुडरून मंगळवारी गेली. शेवटी शेवटी तिला वाटायचं आपण विमानात आहोत. मला म्हणाली, डेलमर, विमान इतकं का हलतंय, नीट धर. मी खुर्चीत बसलो होतो, आर्लिस. माझ्या हातात काही नव्हतं.

दफनभूमीत आपल्या आईच्या शेजारी तुझी जागा राखून ठेवली होती. पाद्रीबुवांना मी सांगून आलो की ती आता कुणालाही द्या. त्यांनी विचारलं, नक्की का. मी नक्की म्हणालो. ती जागा गुडरूनला दिली. उद्या पुरणार आहोत.

सिग्नेने तुझ्यावर विश्वास ठेवून एक गोष्ट सांगितली आणि तू ती बाजारात नेलीस. पोर त्या दिवसापासून नीट जेवत नाही. या अख्ख्या भानगडीत एकच माणूस सरळ राहिलं, आणि ते आत्ता माझ्यासमोर बसून रडत रडत हे लिहितंय. निदान तिच्याकडे बघून तरी तुझा हात थांबायला हवा होता.

मला बहीण नाही.

डेलमर ट्वेटन

ता. क. आत्या, बाबांनी सांगितलं तसं, एकही शब्द न बदलता लिहिलं आहे. माझ्याबद्दलचं वाक्य गाळू का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नाही, ते लिहीच." म्हणून लिहिलं. सि.